पाण्याहून थोडं जास्त

जव्हारला पाऊस लागला की काही भिजत घालावं लागत नाही. सगळं आपोआप भिजतं. गाद्या ओलसर होतात, काडेपेटीतल्या काड्या मऊ पडतात, कपाटातल्या पुस्तकांना कुबट वास यायला लागतो. समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास वसलेलं हे गाव. इथे ढग खिडकीतून आत येतात म्हणून पर्यटक कौतुक करतात. त्याच ढगांनी आतल्या कपाटाचं काय केलं हे बघायला कुणी थांबत नाही. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जुलैच्या मध्यावर न्हाणीघराच्या भिंतीवर काळे ठिपके उमटतात, चपलांच्या पट्ट्यांवर पांढरट लव येते, आणि मग मी मेडिकलच्या दुकानात जाऊन हायड्रोजन पेरॉक्साइडची तपकिरी बाटली आणते.

दुकानातला मुलगा माझाच विद्यार्थी. "बाई, कुणाला लागलं काय?" असं विचारतो. इथे ती बाटली जखमेसाठीच ओळखली जाते. भिंत पुसायला हवी असं सांगितलं की तो नुसता हसतो. दहावीला मी त्याला याच द्रावणाचं समीकरण शिकवलं होतं, ते त्याच्या लक्षात नाही आणि असण्याची गरजही नाही. पण बाटलीवरचं '20 व्हॉल्यूम' मी अजून मोठ्याने वाचून दाखवते. एक मिलिलिटर द्रावणातून वीस मिलिलिटर ऑक्सिजन निघेल, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे साधारण सहा टक्के. घरकामाला तीन टक्के पुरे, तेव्हा द्रावणाएवढंच पाणी घालायचं. जेवढं लागेल तेवढंच घालावं आणि उरलेलं मूळ बाटलीतच राहू द्यावं.

पेरॉक्साइडच्या घरगुती उपायांचं सध्या पेव फुटलं आहे. फरशीला लावा, भाज्या त्यात बुडवा, कुंडीत ओता, बियाणं भिजवा, गुळण्या करा. यातलं निम्मं खरं आहे, आणि खऱ्या निम्म्यावर खोट्या निम्म्याचा धंदा चालतो. पस्तीस टक्क्यांचं द्रावण पाण्यात थेंब-थेंब घालून प्यायला सांगणारे लोक तर सरळ गुन्हेगार म्हणावेत असे. ते द्रावण अंगावर पडलं तर कातडी भाजते, आणि पोटात गेलं तर तिथे अचानक सुटणाऱ्या वायूने जीव जाऊ शकतो. पण भिंतीच्या बुरशीवर तीन टक्क्यांचा फवारा मारून दहा मिनिटं सोडावा आणि ब्रशने घासावं, तर काळे ठिपके खरंच फिके होतात. फक्त त्यासोबत ब्लीचिंग पावडर नको आणि व्हिनेगर तर नकोच. व्हिनेगर आणि पेरॉक्साइड एकत्र आले की त्यातून जे आम्ल तयार होतं ते डोळ्यांना आणि छातीला झोंबतं. दोन चांगल्या गोष्टी एकत्र केल्या की अधिक चांगलं होतं, हा हिशोब स्वयंपाकघरातही नेहमी लागू पडत नाही. रसायनात तर नाहीच.

जव्हारचा खरा डाग मात्र बुरशीचा नसून लाल मातीचा. शाळेच्या मुलांचे पांढरे सदरे पहिल्या आठवड्यात पाठीपर्यंत तांबूस होतात, कारण उतारावरच्या पाऊलवाटेने येताना मागच्याचा चिखल पुढच्यावर उडतो. माझ्याकडे एक पालक सदरा घेऊन आल्या, "बाई, तुमच्या त्या दवायने निघंल का?" मी त्यांच्यासमोरच करून दाखवलं. सदऱ्याच्या कोपऱ्यावर एकीकडे जांभळाचा जुना डाग होता, दुसरीकडे मातीचा. दोन्हींवर दोन-दोन थेंब टाकले. जांभळाचा डाग हळूहळू फिकट राखाडी झाला आणि मग जवळजवळ नाहीसाच झाला. मातीचा जागचा हलला नाही. हलणार कसा? ती तांबूस छटा लोहाच्या ऑक्साइडची, म्हणजे ऑक्सिजनशी आधीच पुरतं जोडलं गेलेलं लोखंड. त्याला आणखी ऑक्सिजन देऊन काय फरक पडणार? उलट लोखंड जवळ असेल तर पेरॉक्साइड भलत्याच वेगाने फुटतं आणि सुताचा धागा कमकुवत करतं; कापडाच्या गिरण्यांतल्या रंगाऱ्यांना ही बारीक भोकं चांगली माहीत असतात. मातीच्या डागाला आंबट हवं. लिंबाचा रस आणि मीठ चोळून सदरा उन्हात ठेवला की लोह सुटतं. बाईंनी लगेच विचारलं, "मग ती बाटली कशाला?" प्रश्न रास्त होता.

बाटली कशाला, याचं उत्तर तिच्या घडणीत आहे. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचा एक अणू, हिच्यात दोन. दुसरा पहिल्याला सैल हाताने धरून बसलेला असतो आणि मिळेल त्या निमित्ताने सुटतो. उजेड, उष्णता, धूळ, धातूचा कण, काहीही चालतं. म्हणून बाटली तपकिरी. 1818 साली फ्रान्समध्ये लुई जॅक थेनार यांनी बेरियम पेरॉक्साइडवर आम्लाची क्रिया करून हे द्रव पहिल्यांदा वेगळं काढलं. वर्गात मी कच्च्या बटाट्याची फोड घेऊन त्यावर चमचाभर टाकत असे. क्षणात फोड फेसाने भरायची आणि मागच्या बाकावरची मुलंही मान उंचावून बघायची. बटाट्याच्या पेशींत कॅटॅलेज नावाचं विकर असतं, ते पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. तेच विकर आपल्या रक्तात, यकृतात, मातीतल्या जिवाणूंत असतं. म्हणजे हे द्रव जिथे काम करतं तिथेच ते संपतं आणि मागे उरतं ते पाणी. साबण उरतो, मीठ उरतं, क्लोरीनचा वास उरतो. याचं काही उरत नाही. माझ्या मते या बाटलीचा एवढाच एक खरा गुण आहे, आणि तो शेजारच्या मोखाड्यात जितका कामी येईल तितका मुंबईत येणार नाही. ते पुढे येईलच.

आपण ज्याला बाटलीतलं रसायन म्हणतो ते रानातही असतं, हे मुलांना सांगितलं की ती आधी विश्वास ठेवत नाहीत. पावसाच्या थेंबांतसुद्धा ते असतं. अगदी थोडं, लिटरला मिलिग्रॅमच्या हिशोबात, पण असतं. उगवणारं बी स्वतःच्या आत ते तयार करतं, आणि झोप मोडण्याच्या निरोपांपैकी तो एक निरोप मानला जातो. आणि मध. या भागात जंगलातलं आग्या माशीचं पोळं काढणारी माणसं आहेत आणि भाजल्या-कापल्यावर मध लावायची रीतही आहे. मधमाशी मधात एक विकर सोडते. मध घट्ट असतो तोवर ते निपचित असतं; जखमेच्या ओलाव्याने मध पातळ झाला की ते कामाला लागतं आणि ग्लुकोजपासून हळूहळू पेरॉक्साइड सोडत राहतं. मधातला हा जंतू मारणारा घटक पेरॉक्साइडच आहे हे 1963 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं. बाटलीतलं एकदम फसफसतं आणि संपतं, मधातलं थेंबाथेंबाने येतं. जखमेला कुठलं मानवतं हे सांगायला नको. फेस आला म्हणजे जंतू मेले, ही समजूत तर पार चुकीची. फेस रक्तातल्या कॅटॅलेजचा असतो. जखम स्वच्छ असली तरी तो येतोच. रोज-रोज ओतलं तर भरून येणाऱ्या नव्या पेशीही मरतात. लावणीच्या दिवसांत बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, त्यावरही लोक हे ओततात. त्यापेक्षा संध्याकाळी पाय स्वच्छ धुवावेत, थोडा वेळ कोमट मिठाच्या पाण्यात सोडावेत आणि मुख्य म्हणजे बेचकं कोरडं करावं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा तास चिखलात उभं राहायचं असेल तर कुठलाच उपाय पुरा पडत नाही, हेही तितकंच खरं.

भिजवण्याची खरी विद्या मी पाहिली ती बाटलीशिवाय. आमच्याकडे रानभाज्या घेऊन येणाऱ्या मावशी मोखाडा बाजूच्या एका पाड्यावरच्या. पावसाच्या सुरुवातीला शेवळं आणतात आणि सोबत काकडाची आंबट फळं न चुकता देतात, कारण त्याशिवाय शेवळं घशाला खाजतं. एका वर्षी त्यांच्या घरी कडूकंद पाहिला. कंद सोलून, पातळ चकत्या करून, चुलीवर राखेच्या पाण्यात उकळत ठेवलेला. राखेचं पाणी क्षारयुक्त, ते कंदातला कडवटपणा सैल करतं. उकळून झाल्यावर चकत्या बांबूच्या टोपलीत भरल्या आणि टोपली ओहोळात, दोन दगडांच्या मध्ये, अशा बेताने बसवली की पाणी वरून न जाता टोपलीतून जावं. वर पाला, पाल्यावर दगड. रात्रभर. सकाळी एक चकती जिभेच्या टोकाला लावून पाहिली, तोंड वाकडं केलं आणि टोपली पुन्हा पाण्यात. मी आपली मास्तरकी करत विचारलं, घरी हंड्यात भिजवून तीन-चार वेळा पाणी बदललं तर? त्या म्हणाल्या, "नाय बाई. याला वाहतं पानी लागतं. हंड्यातलं पानी कडू व्हतं आन् थांबतं." साठलेल्या पाण्यात विरघळण्याची क्रिया एका टप्प्यावर थबकते, वाहत्या पाण्यात थबकत नाही, मी फळ्यावर दोन तास घेऊन जे सांगितलं असतं ते त्यांनी एका ओळीत संपवलं. कडूकंद नीट उतरवला नाही तर विषबाधा होते, तेव्हा वाचून कुणी करून बघू नये. कुठल्या ओहोळात किती वेळ, हे त्या भागातली माणसंच जाणतात.

या गोष्टीत मला त्या ओहोळाचं महत्त्व सगळ्यात जास्त वाटतं. ओहोळ वाहतो आहे तोवर कडूकंद खाता येतो. ओहोळ आटला की तोच कंद जमिनीत असला तरी कामाचा नाही. जव्हार-मोखाड्यात काय भिजत घालायचं हे पंचांग ठरवत नाही, स्वयंपाकीणही ठरवत नाही, पाणी ठरवतं. नागली भिजवून, फडक्यात बांधून, मोड आणून, वाळवून सत्त्व करतात ते दिवाळीनंतर, जेव्हा धान्य घरात असतं, विहिरीत पाणी असतं आणि ऊन कोरडं असतं. पावसाळ्यात मोड येतातच, पण बुरशीसकट. लग्नात भिंतीवर काढायच्या चौकासाठी तांदूळ भिजवून वाटतात त्याला वाटीभर पाणी पुरतं, म्हणून तो विधी भर उन्हाळ्यात निभतो.

उपाय सांगणारी मंडळी मात्र गृहीत धरतात की घरात नळ आहे. "बादलीभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी ओतून द्या, स्वच्छ पाण्याने तीनदा धुवा." मोखाड्याच्या पाड्यावर मार्च-एप्रिलमध्ये बादलीभर पाणी म्हणजे काय, हे एकदा चढ चढून बघावं. डोंगरउताराची कातळी जमीन. पडलं तेवढं पाणी खाली निघून जातं आणि पुढे टँकर. याच तालुक्यात कोचाळ्याजवळ वैतरणा नदीवर मध्य वैतरणा धरण उभं राहिलं आणि 2014 पासून तिथून मुंबईला रोज 455 दशलक्ष लिटर पाणी जातं. मुंबईच्या एखाद्या सोसायटीत कुणी गच्चीवरच्या कुंड्यांसाठी बी भिजत घालतं तेव्हा त्यात थोडं पाणी इकडचंही असू शकतं, हे सांगण्यात काही तक्रार नाही. पण लक्षात असलेलं बरं.

पाण्याचा हा पेच सगळ्यात टोकदार होतो तो पेरणीच्या तोंडावर. भातबियाण्याला मिठाच्या पाण्याची प्रक्रिया करा, हा कृषी विद्यापीठाचा सल्ला अतिशय शहाणा आहे. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ, म्हणजे तीन टक्के द्रावण. त्यात बियाणं ओतून ढवळायचं. साध्या पाण्यापेक्षा हे जरा जड असतं, म्हणून पोचट, अर्धवट भरलेले, रोगट दाणे तरंगतात. ते काढून टाकायचे. तळाचे जड दाणे दोन-तीनदा चांगल्या पाण्याने धुऊन चोवीस तास सावलीत सुकवायचे. खर्च मूठभर मिठाचा, फायदा अख्ख्या हंगामाचा. पण हे करायचं कधी? मेअखेर ते जूनचा पहिला आठवडा, म्हणजे विहिरीचा तळ वाटीने खरवडायचे दिवस. दहा लिटर पाणी द्रावणाला आणि वर धुण्याला वेगळं. मावशींच्या पाड्यावर यावर तोडगा आहे: चार घरांचं बियाणं एकाच मीठपाण्यातून काढतात, आणि धुण्याचं पहिलं पाणी पुढच्या घराच्या मीठपाण्यात जातं. मिठाचं प्रमाण मग घरागणिक थोडं हलतं. पण पोचट दाणा तरंगायचा तो तरंगतोच.

कुणीतरी म्हणेल, मग बियाण्यालाही पेरॉक्साइड वापरा, धुवायला नको. परसातल्या दुधी-कारल्याच्या चिवट बियांपुरतं मी ते करते. तीन टक्के द्रावणात तिप्पट-चौपट पाणी घालून अर्धा तास बी ठेवायचं, मग रात्रभर साध्या पाण्यात. सालीवरची बुरशी जाते, साल थोडी नरमते, उगवण बरी होते. पण शेताच्या बियाण्याला नको, कारण तिथे आपल्याला निर्जंतुक बी नको असतं. बीजामृत बघा: वीस लिटर पाणी, पाच किलो शेण, पाच लिटर गोमूत्र, पन्नास ग्रॅम चुना आणि मूठभर माती. ते बियाण्यावर जीव चढवण्यासाठी. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी लावतात तोही जीवच. आणि पेरॉक्साइड चांगला-वाईट पाहत नाही. सकाळी ट्रायकोडर्मा लावून दुपारी पेरॉक्साइड शिंपडलं, तर दोन्हींचे पैसे गेले.

कुंडीत ओतण्याबद्दलही माझं मत फारसं चांगलं नाही. मुळांना ऑक्सिजन मिळतो म्हणतात. मिळतो, काही मिनिटं. मातीतले जिवाणू आणि लोहाचे कण मिळून त्याचा तेवढ्यात निकाल लावतात, आणि आमची माती तर लोहाचीच. मोगऱ्याचं मूळ कुजत असेल तर वाफ्यातलं पाणी काढून द्यावं. ते साधं काम आहे आणि टिकतं. जव्हार, विक्रमगडकडे 'बाएफ' संस्थेच्या वाडी प्रकल्पातून आंबा-काजूसोबत मोगरा आला, आता पहाटे कळ्या खुडून दादर, नाशिकच्या बाजारांकडे जातात. त्या बागांत कुणी बाटल्या ओतत नाही. चर नीट काढतात. माती निर्जंतुक करायचीच तर इथली जुनी रीत आहेच, राब भाजण्याची. उन्हाळ्यात फांद्या, पालापाचोळा, शेण पसरून, वर मातीचा थर देऊन जाळायचं. तणाचं बी आणि किडींची अंडी जळतात, राख मिळते. त्यासाठी झाडांच्या फांद्या छाटाव्या लागतात, म्हणून गादीवाफ्याचा सल्ला दिला जातो आणि तो बरोबरही आहे. पण राबाला पाणी लागत नाही, हे त्याच्या टिकून राहण्याचं एक कारण असावं असं मला वाटतं.

पाण्याचा असा हिशोब आहे म्हणूनच बाटलीचा एकच उपयोग मी मावशींना आपणहून सांगितला. टँकरचं पाणी साठवायचे निळे प्लास्टिकचे पिंप. आतून बुळबुळीत शेवाळी थर येतो. हात फिरवला की बोटाला चिकटतो. तो घासून काढायला साबण लावला की वास जायला चार बादल्या. पाण्यात घालायचे क्लोरीनचे थेंब आरोग्य कर्मचारी देतात, ते पाण्यासाठी ठीक. पण त्या थराखालचे जंतू थेंबांना सहसा दाद देत नाहीत. रिकामं पिंप आडवं करून आत तीन टक्के द्रावणाचा फवारा मारायचा, फेस बसेपर्यंत थांबायचं, काथ्याने घासायचं आणि तांब्याभर पाण्याने विसळून टाकायचं. उरलंसुरलं स्वतःच पाणी होतं. मावशींनी बाटली हातात घेऊन झाकण उघडलं, वास घेतला. वास नाहीच म्हटल्यावर जरा नाराज झाल्या. औषधाला वास हवा.

"आन् धुवायला एक तांब्याच?"

"एक तांब्या."

"मंग टँकर यायच्या आदल्या दिशी घासू," असं म्हणून त्यांनी बाटली टोपलीत ठेवली. टँकर कधी येणार, हे मी विचारलं नाही. ते त्यांनाही कुणी सांगत नाही.